इयत्ता कोणती?

मिल बंद झाली आणि मी पहिल्यांदाच शिवांगीला आणायला तिच्या परदेशीपुऱ्यातल्या शाळेत गेलो.

"लडकी कौन सी क्लास में है?" चपराशाने विचारलं.

"चौथी," मी छातीठोकपणे सांगितलं.

चौथीच्या बाईंनी हजेरी दोनदा पाहिली. शिवांगी नव्हतीच. पाचवीतही नाही. शाळा तरी हीच ना, असं वाटून मी बाहेर जाऊन पाटी वाचून आलो. तेवढ्यात सहावीच्या दारातून तीच धावत आली. माझी ड्यूटी कायम दुपारची, रात्री घरी यायचो तेव्हा पोरगी झोपलेली असायची आणि सकाळी मी उठायच्या आत शाळेत गेलेली. उभी राहिली की ती माझ्या खांद्याला लागते, हे मला आज कळलं.

"बेटा, आईला सांगू नकोस हं," मी पुटपुटलो.

ती रुसेल असं वाटलं होतं. पण तिने हात धरून मला थेट वर्गातच ओढत नेलं.

"देखो!" ती सगळ्यांना ओरडून म्हणाली, "मैं बोलती थी ना, मेरे भी बाबा हैं!"

चाळीस पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. मी हात जोडून नमस्कार केला.