तळ्याकाठची शांत सहल

"आता डाव्या हाताला हिरव्या दाराचं कॉटेज," काकू माईकमध्ये म्हणाल्या. "ते गेलं की रस्ता हळूच उजवीकडे कलतो. अजून थोडा. अजून. हां. आणि हे समोर तळं."

मिनीबसमधल्या अकरा माणसांनी तळ्याकडे पाहिलं. बाराव्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. हा बारावा पर्यटन कार्यालयातला तपासनीस होता, आणि तो तळं बघायला आलेला नव्हता.

तळ्याभोवतीच्या फेरीचा परवाना दरवर्षी पानगळीच्या हंगामात नवा करून घ्यावा लागे. काका गाडी चालवत, काकू शेजारी बसून माहिती सांगत. एकतीस वर्षं दोघांचं पोट ह्या एकाच रस्त्यावर चाललं होतं. यंदा मात्र तक्रारी आल्या होत्या. नऊ जणांच्या. नऊही जणांचं म्हणणं एकच: बाई क्षणभर गप्प बसत नाहीत.

कार्यालयाने लगेच परिपत्रक काढलं. निसर्गसहलीत सलग दहा मिनिटं शांतता हवी, नाहीतर परवाना नव्या कंपनीला. कंपनीच्या गाडीत रेकॉर्ड केलेला आवाज होता आणि बटण दाबलं की तो बंद होई. ही सोय काकूंमध्ये नव्हती.

तपासनीस रकाने भरू लागला. गाडीची स्वच्छता: उत्तम. वेग: बैलगाडीनेही पुढे जाऊ का म्हणून विचारावं, असा. हंगामात हा रस्ता एकेरी असे आणि खाजगी गाड्यांना बंद, त्यामुळे मागून हॉर्न मारायलाही कुणी नव्हतं. चालकाचं लक्ष: तपासनीसाने आरशातून काकांकडे पाहिलं. खिडकीबाहेर पानगळीचं एवढं सोनं उधळलं होतं, पण हा माणूस मान वळवेल तर शपथ. त्याने दहापैकी दहा दिले.

"समोर दोन सायकलवाले," काकू म्हणाल्या. "एक लाल टोपी, एक निळी. नवरा-बायको असावेत, बायको पुढे आहे. हं, थांबले कडेला. गेलो आपण."

"सायकलवालेसुद्धा प्रेक्षणीय स्थळांत धरतात का?" तपासनीसाने शेजारच्या आजोबांना विचारलं.

"मघाशी एका गाईची माहिती दिली," आजोबा म्हणाले. "ती रस्त्यातून उठून जाईपर्यंत."

निम्म्या वाटेवर, उंचावरच्या मोकळ्या पठारावर, गाडी चहाला थांबली. काकूंनी चहा काकांपाशी नेला आणि त्यांची बोटं कपाच्या कानात नीट अडकवून दिली. तपासनीसाला स्वतःचं घर आठवलं. तिथे चहा त्यालाच करावा लागे, आणि साखर कुठे आहे तेही कुणी सांगत नसे.

"काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," तो म्हणाला. "आता इथून कड्यापर्यंत उतार आहे. दहा मिनिटांचा. तेवढा वेळ एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर माझी सही नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "साहेब, दुसरीकडे कुठेही गप्प बसते. पठारावर बसते की. उतारावर नको."

"देखावा उतारावर आहे. लोकांना शांतता तिथेच हवी."

"ह्यांना माझ्या आवाजाची सवय आहे हो. त्याशिवाय गाडी चालवणं जमत नाही."

"बायको गप्प झाली की मलाही काही सुचत नाही," तपासनीस म्हणाला. "पण दहा मिनिटं मी काढतो."

काका इतका वेळ चहा फुंकत होते. "अगं, परवाना गेला तर खायचं काय?" ते म्हणाले. "ह्या वयात मला दुसरं काम कोण देणार?"

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. साहेब, तुम्ही पुढे बसता का, माझ्याशेजारी? हिला मागे पाठवा. जवळ असली तर हिला राहवायचं नाही."

तपासनीसाला ही सूचना फारच पसंत पडली. इतका समजूतदार माणूस आपल्या खात्यात असता, तर निम्मी परिपत्रकं काढावीच लागली नसती.

मागे जाताना काकूंनी त्याची बाही धरली. "पुढे नीट लक्ष ठेवाल ना, साहेब?"

"माझं कामच ते आहे," तो म्हणाला.

काकू शेवटच्या बाकावर जाऊन ओठ घट्ट मिटून बसल्या. गाडी सुटली. पहिला पट्टा सरळ होता. कुणी काही बोलेना. खाली तळं उन्हात पसरलेलं, पलीकडच्या काठावर खेळण्यांएवढी कॉटेजेस, आणि वाऱ्यावर तरंगत येणारी तांबूस पानं. एवढी शांतता तपासनीसाने कार्यालयात जेवणाच्या सुट्टीनंतरसुद्धा अनुभवली नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले.

एक फांदी काच खरवडत गेली. मग डाव्या चाकांखाली खडी कुरकुरली. इतकी वर्षं हे सगळं त्या माईकने ऐकूच दिलं नव्हतं, असं त्याला वाटलं. मागून काकूंचा एक हुंदका आला, पण हुंदक्याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

दहातली दोनच मिनिटं झाली होती. तरी त्याने डोळे उघडून मांडीवरच्या कागदावर सही केली. नव्या कंपनीला काय कळवायचं ते उद्या बघता आलं असतं. त्याने पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला.

त्या आवाजासरशी काका किंचित त्याच्या बाजूला कलले.

"सही झाली ना, साहेब?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "मग आता सांगायला लागा, रस्ता कुणीकडे वळतोय. मला दोन वर्षं झाली, काहीच दिसत नाही."