ओल्या रस्त्याचे टायर

मी खोल नक्षीचे टायर उचलले, तशी दुकानदार शिकलगारचाचांनी नाही म्हणून मान हलवली. "ताई, नक्षी चिखलाला. तुमची रेसिंगची सायकल डांबरावर चालणार. ओल्या डांबरावर पकड मऊ रबराचीच."

दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या दिवसांत, ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेल्या मातीवर दव पडलं होतं. तिथंच मी घसरले. खांदा जुळला, पण नंतर सायकलवर बसले नाही. आज धीर करून दुकानात आले, तर सासूबाई बाळाला घेऊन मागोमाग हजर. वाटलं, अडवायलाच आल्या.

त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं आणि एकेका टायरला अंगठ्याचं नख लावून बघितलं.

"काय वहिनी, दुधी घेताय का?" चाचा हसले.

"कोवळेपणा नखालाच कळतो. हे बघा, रुतलं. हीच जोडी चढवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या कधी निघणार?"

"ऊन पडल्यावर. रस्ता सुकला की."

"मग हे टायर कशाला? सहाला नीघ. बाळ आठपर्यंत झोपतं, मी आहे."

मी बाळाच्या टाळूवर ओठ टेकवले आणि म्हटलं, "सहाला."