चिमटीतला कागद

केंदूरच्या जत्रेत साईची पकड सुटली आणि तो चितपट झाला, तेव्हा आबांनी भरल्या आखाड्यात पोटच्या पोराला "पैसं खाऊन पडलास!" म्हणून हिणवलं होतं. "आबा, हातात जोरच न्हाई," साई सांगत राहिला. त्यांना ते सोंग वाटलं. शेवटी आईनं दोघांना शिक्रापूरच्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी साईच्या कोपरावर टिचकी मारताच करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. मग बोटांच्या चिमटीत कागद देऊन त्यांनी तो ओढला. साईनं दातओठ खाल्ले, तरी कागद अलगद निघून आला. "कोपरात नस दबलीय. या हातानं पकड कशी टिकणार?" त्या म्हणाल्या. आबांची मान खाली गेली. बाहेर येताच त्यांनी पोराचा हात धरला. "लई वंगाळ बोललो रं. उद्या तालमीत समद्यांसमोर सांगतो." "ऱ्हाऊ द्या, आबा," साई म्हणाला. त्यानं हात हळूच सोडवून घेतला.