तालुक्यातलं सर्वांत सुखी मूल

आजोबा गेल्यापासून तनूचं रडणं थांबेना, आणि तिच्या मनगटावरचा बालसौख्य खात्याचा पट्टा लाल झाला. लाल पट्टा दिसला की खात्याची माणसं मूल उचलून आनंदगृहात नेतात. म्हणून तिच्या आईनं, शेवंतानं, तो पट्टा सरळ दिवाणावर पेंगणाऱ्या मांजराच्या गळ्यात बांधला. घटकाभरात तो हिरवागार झाला.

पंधरवड्यानं निरीक्षक दाभाडकर पेढे घेऊन हजर! "अभिनंदन, ताई. तालुक्यातलं सर्वांत सुखी मूल तुमचं."

मेल्याला डोळे असते तर या खात्यात नोकरी मिळाली नसती, शेवंता मनाशी म्हणाली.

हातातल्या यंत्रावर नजर रोवून साहेब आत शिरले. कोपऱ्यात आजोबांची टोपी कवटाळून तनू हुंदके देत होती. यंत्र दिवाणाकडे वळलं तसं किणकिणलं. साहेबांनी मान वर न करताच मांजराच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शहाणं बाळ. केसही काय मऊ!"

मग हुंदक्यांच्या दिशेनं कपाळाला आठ्या घालत ते म्हणाले, "ही शेजारची का? तिला आधी बाहेर न्या. मुलाच्या मनावर परिणाम होतो."