हॅविलँडसाहेबांची दानत

"दोन शब्द बोला ना, डेल्फीन," असं उपकुलगुरू लेस्टर हॅविलँड माइकवर म्हणाले खरे, पण म्हणता म्हणताच पस्तावले. बाईंच्या हातात पुरस्काराची काचेची ढाल होती. समोर गच्च भरलेलं सभागृह आणि पहिल्याच रांगेत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. आता ही बाई खोलीचा विषय काढणार, याबद्दल साहेबांना शंका उरली नाही.

आदिवासी आणि खेड्यापाड्यांतल्या विद्यार्थ्यांना आधार देणाऱ्या कर्मचाऱ्यांचा सन्मान, असं त्या समारंभाचं लांबलचक नाव होतं. नाव साहेबांनीच सुचवलं होतं. डेल्फीन मेरास्टी ही क्री या आदिवासी जमातीची बाई कित्येक वर्षं त्या मुलांची सल्लागार होती आणि मुलं तिला मावशी म्हणत. ज्या गावांना रस्तासुद्धा जात नाही अशा तळ्याकाठच्या गावांतून ही मुलं छोट्या विमानानं शहरात येत आणि त्यांतली बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात परत जात. जी टिकली ती तळमजल्यावरच्या एका खोलीमुळे. तिथे शेगडी होती, मोठा फ्रीझर होता. घरून आलेलं मूस हरणाचं मांस तिथे शिजायचं, बॅनकच्या जाड भाकऱ्या भाजल्या जायच्या आणि आपल्या भाषेत एकमेकांची यथेच्छ टिंगल चालायची.

मग त्या खोलीच्या बरोबर वर साहेबांचं नवं बैठकीचं दालन झालं आणि मांसाचा वास थेट बैठकीला हजर राहू लागला. साहेबांनी खोली बंद केली नाही. छे, ते तसले नव्हते! त्यांनी फक्त नियम केला: सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत, मग कुलूप. मुलांची भूक मेली अडाणी, ती नेमकी पाचनंतर आणि रविवारी लागायची. या हिवाळ्यात आयव्ही बिगेटी नावाची हुशार मुलगी बॅग भरून बसली होती. "रविवारी मी भिंतीशी बोलते, मावशी. त्यापेक्षा घरी जाते," असं तिनं सांगितलं. डेल्फीननं ते जसंच्या तसं साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब "बघू या" म्हणाले होते आणि खरोखरच खिडकीबाहेर बघत बसले होते.

बाईला एकदा ढाल दिली की ती गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब होता. आता ती माइकपाशी आली.

"मी काही बोलणार नाही," डेल्फीन म्हणाली. "आमच्यात ज्याचा सन्मान होतो त्यानं बोलायचं नसतं, भेटी वाटायच्या असतात."

तिनं टेबलाखालून एक टोपली ओढली. आत फुलाफुलांच्या कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या, लाल फितीनं बांधलेल्या. साहेबांचा जीव भांड्यात पडला. नुसत्या भेटवस्तू! ते उत्साहानं पुढे झाले.

"वा, काय सुंदर प्रथा आहे! मी मदत करू?"

"तुम्हीच वाटा की, साहेब. तुमच्या हाताला मान आहे."

मान हा शब्द ऐकल्यावर साहेबांना थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ते रांगेनं फिरले. प्रत्येक मुलाच्या हातात पुरचुंडी ठेवायची, हात दाबायचा, मान फोटोग्राफरकडे वळवायची. पण टोपली संपत आली तसं त्यांना काहीतरी खुपायला लागलं. हॉल त्यांचा, चहा त्यांचा, आणि टाळ्या मात्र सगळ्या डेल्फीनला. हा कुठला न्याय? ते लगबगीनं माइककडे परतले.

"एक लक्षात घ्या, मित्रांनो! ही भेट एकट्या डेल्फीनकडून नाही. ही विद्यापीठाकडून आहे. माझ्याकडून आहे!"

टाळ्या पडल्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थना म्हणायला उत्तरेकडून आलेले म्हातारे मोइझ लिंकलेटर काठी टेकत उठले.

"तुझ्याकडून?" त्यांनी विचारलं.

"अगदी मनापासून, आजोबा!"

"बरं झालं सगळ्यांसमोर बोललास. आम्ही साक्षीला आहोत. असं दिलेलं परत घेत नाहीत, पोरा."

"परत?" साहेब दिलखुलास हसले. "घेईल तर तो हॅविलँड नव्हे!"

म्हातारबाबांनी समाधानानं मान हलवली आणि मुलांना खूण केली. आयव्हीनं फीत सोडली. कापडातून एक नवीकोरी किल्ली तिच्या तळहातावर पडली. शेजारच्या मुलाच्या पुरचुंडीतही किल्ली. मागच्या रांगेत किल्ली. सभागृहभर किणकिण झाली आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तळमजल्याची! आपल्या खोलीची!"

पोरांनी एकच गिल्ला केला. आयव्ही धावत आली आणि साहेबांचा हात दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवू लागली. तिचे डोळे नुसते वाहत होते. फोटोग्राफर एकामागून एक फोटो काढत होता. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. ते काढून ठेवायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं.

ते डेल्फीनच्या कानाशी वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "हे तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं."

"दोन वर्षं विचारतच होते, साहेब," ती म्हणाली. "आज विचारलं नाही, म्हणून दिलंत."