एकसारख्या फायली

इंदुमतीबाईंच्या डोक्यातल्या स्मरणयंत्रावर नवी सिस्टिम चढली, तेव्हा त्यांचे जुळे मुलगे, हेरंब आणि निरंजन, पलंगाशीच बसले होते. बाईंनी डोळे उघडले.

"हेरंबा, दाढी कर रे मेल्या." मग निरंजनकडे पाहून म्हणाल्या, "आणि हे कोण? अगदी तुझ्यासारखे दिसतात रे!"

"आई, चेष्टा पुरे," निरंजन म्हणाला.

पडद्याकडे बघत तंत्रज्ञ खुशीत म्हणाला, "एकसारख्या फायली सिस्टिमने आपणहून काढल्यात. बरीच जागा मोकळी झाली."

"मला परत घाला," निरंजन म्हणाला.

"जुनं काही राहत नाही, सर. पण वेग बघा ना!"

आता भाऊ आळीपाळीने, एकेकटेच येतात. रविवारी निरंजन येतो. आई त्याच्या केसांतून हात फिरवत मायेने "हेरंबा" म्हणते, आणि तो ओ देतो.