गोळीचं हसू

"जमुनाबाई, भिंतीकडे नका बघू. इकडे बघा," डॉक्टर म्हणाले.

जमुना वळली नाही. व्हरांड्यातल्या लोखंडी खाटेवर ती कुशीवर पडून होती. क्षयाच्या रोग्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून अमरावतीच्या त्या दवाखान्यात खाटा उघड्यावरच मांडत. पौषातलं ऊन सरकत तिच्या पायांवर आलं, तसे तिनं पाय आखडून घेतले.

तिची सासू रुख्मिणी आदल्या दिवशी सकाळच्या मोटारीनं चांदूर बाजारहून आली होती. पुढ्यात फडक्यावर भाकर आणि वांग्याची भाजी तशीच होती.

"कालपासून पोटात दाणा नाही जी," ती म्हणाली. "तारीचं, पोटच्या पोरीचं नाव घेतलं तरी डोये उघडत नाही. तुमीच सांगा तिले. मी तं बोलून थकली."

"गोळ्या कधी बंद केल्या?"

"पोळ्याच्या आंधी."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कोण पायजे? जमुना बरी झाली होती. तुमच्या त्या नव्या गोळ्या चालू केल्या अन् आठ दिवसांत हसाले लागली. मागून भाकर खाये. कापसाच्या वावरात पऱ्हाटी निंदता निंदता गाणं म्हणे. तारीच्या वेण्या घाले, तिले मांडीवर घेऊन बसे. बऱ्या माणसाले औषध कायले चाराचं?"

"उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?"

रुख्मिणी अडखळली. "शेजारच्या पार्बताबाईले देल्या."

"तिलाही क्षय आहे?"

"नाही जी. नवरा गेल्यापासून ते चुलीपाशी नुसती बसून राये. कोणाशी बोलणं नाही, चालणं नाही. म्हटलं, तिलेही हसू येईन."

डॉक्टरांना रागवायचं होतं. ते जमलं नाही.

"आलं का?"

"एक दिवस पोटभर जेवली म्हणते. मंग गोळ्याच सरल्या."

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं. अवघड गोष्ट लहान मुलाला सांगावी तशी सांगायची त्यांना सवय होती, आणि आवडही.

"रुख्मिणीबाई, इथंच चूक झाली. ही गोळी रोगाआधी मनाला लागते. माणूस हसायला लागतो, जेवायला लागतो. का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण जमुनाबाई हसत होत्या तेव्हा छातीतले जंतू जिवंतच होते. तुम्ही गोळी थांबवली, हसू थांबलं, जंतू पुन्हा वाढले." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अर्धवट औषधाला जंतू सरावतात. तीच गोळी आता लागू पडेल असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण न घेऊन चालायचं नाही. दोन दिवस झाले, त्या तोंडच उघडत नाहीत."

"म्हणजे ते हसू गोळीचं होतं."

जमुना भिंतीशीच बोलली होती. ती बोलली याचाच डॉक्टरांना आनंद झाला.

"थोडंफार गोळीचं."

"अन् तारीले मांडीवर घेतलं ते? ते बी गोळीनंच घेतलं काय?"

"असं बघा. पऱ्हाटीच्या मुळाला अळी लागली तर वरचं पान मान टाकतं. आपण त्या पानाला आळशी म्हणतो का? रोग छातीत असला तरी त्याचं विष रक्तातून डोक्यापर्यंत जातं. मग जेवावंसं वाटत नाही, बोलावंसं वाटत नाही, पोरीचं तोंडही बघावंसं वाटत नाही. तुम्हाला वाटतं आपण वाईट आई झालो. तसं नाही. हे रडू तुमचं नाहीच मुळी. बिमारीचं आहे."

उदाहरण नेमकं बसलं होतं. जमुना वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"हसू गोळीचं. रडू बिमारीचं. मंग यातलं माहं काय हाये, दाक्तरसाहेब?"

डॉक्टरांनी खिशातून गोळी काढून तिच्यापुढे धरली.

"काहून घेऊ मी ते गोळी? गोळी हसन, गोळी माह्या पोरीले जवळ घेईन. मी इथंच पडून राहीन." तिनं पदर तोंडावर ओढला.

इतका वेळ रुख्मिणी खाटेपासून हातभर दूर, नाकाला पदर लावून बसली होती, सगळे बसत तशी. आता ती उठली. नाकावरचा पदर तिनं काढला आणि खाटेवर जमुनाच्या डोक्यापाशी टेकली.

"मले नाही समजत या दाक्तरायचं विष अन् रगत," ती म्हणाली. "तू तिकडं गाणं म्हणे अन् मी इकडं भाकर थापता थापता हसे. लगीन होऊन मी त्या घरात आली तवापासून कधी हसली नोती वं. म्या कुठं गोळी खाल्ली होती?"

जमुनानं पदर खाली घेतला. सासूकडे बघितलं. ओठ कोरडे पडून चिकटले होते. ते तिनं हळूच उघडले.

डॉक्टरांनी गोळी रुख्मिणीच्या तळहातावर ठेवली. रुख्मिणीनं ती सुनेच्या जिभेवर ठेवली, मानेखाली हात घालून पाणी पाजलं. घोट उतरेपर्यंत हात काढला नाही.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. जाता जाता त्यांनी मागे वळून बघितलं. रुख्मिणी तशीच बसली होती, जमुनाच्या तोंडाकडे टक लावून, हसू आत्ताच येणार असल्यासारखी.